वळायला सांगणारी ताई

सुमनताई,

शिवडीच्या कब्रस्तानात तुझ्यावर माती लोटून झाली आणि लोक हात धुवायला नळाकडे निघाले, तेव्हा एक दणकट माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणाला, "तुम्ही नंदाताई ना? लालबागच्या? मी भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमाली करतो. तुमच्या बहिणीने मला लय वर्षं सोडला नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पिऊन घरात मारझोड करायचो, ते त्यांना कळलं होतं. त्या ज्या गेटवरून कामाला जायच्या, त्या गेटने मी जायचंच बंद केलं. तर एक दिवस मागच्या गेटला उभ्या. 'दादा, आज तरी वळशील का?' एवढंच. रोज एवढंच. मी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी परत उभ्या." तो हसला. "आता मी चर्चमध्ये गातो. आवाज बरा नाय माझा. पण घरात आता कोण रडत नाय."

ताई, मी कब्रस्तानात हसले. तुला ओळखणाऱ्या कुणालाही हसू आलं असतं. मागच्या गेटला उभी असलेली तू मला इतकी स्वच्छ दिसली! खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला, आणि समोरच्याने आज ऐकलं नाही तरी आपलं काही बिघडत नाही असा चेहरा.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. मी दादरच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून श्रद्धांजलीचा मजकूर लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. जन्म, शिक्षण, नोकरी, त्यांच्या पश्चात कोण कोण. तुझ्यासाठी तसलं काही माझ्या हातून उतरत नाही. तुझं-माझं बोलणं अर्धवट राहिलंय. तू असतीस तर रविवारी चर्चमधली उपासना आटपून आली असतीस, चहा पिता पिता आपण तिथूनच सुरू केलं असतं जिथे गेल्या रविवारी थांबलो होतो. म्हणून इथे बोलते.

आपण वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. एक खोली, बाहेर लांबलचक अंधारा पॅसेज. भिंतीवर दोन तसबिरी आणि त्यांच्या खाली आण्णांची खुर्ची. आण्णा गिरणीत होते तोवर गिरणी आणि विहार, गिरणी बंद पडल्यावर नुसता विहार. आपल्या आजोबांनी जनावराचं जिणं सोडून धम्म कसा घेतला, हे आण्णा सांगायला लागले की पॅसेजमधली पोरं येऊन दारात बसायची. समता हा शब्द मी पुस्तकात नंतर वाचला, आधी आण्णांच्या तोंडून ऐकला.

त्याच आण्णांनी, मी संजयशी लग्न करणार म्हटल्यावर, मला घराबाहेर काढलं. संजय मातंग समाजातला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, सरळ, कमी बोलणारा मुलगा. "आपल्यात मुलं नव्हती?" एवढंच आण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "आण्णा, जात मानायची नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

"ते वरच्यांना सांगायचं असतं," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी माझी बॅग पॅसेजमध्ये ठेवली.

तुझा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हापासून तू माहेरीच होतीस. माझी बॅग उचलताना मी तुझ्याकडे बघितलं नाही. तुझ्यावर तेव्हा माझा राग नव्हता. राग आला तो पुढे, आई गेली तेव्हा. लेकीला, रुचाला कडेवर घेऊन मी धावत आले होते. आण्णा दारात उभे होते. "इथे तुझं कोणी नाही," म्हणाले. अख्खा पॅसेज माणसांनी भरलेला आणि सगळ्यांच्या माना खाली. आण्णांच्या मागे, चौकटीला धरून तू उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि नजर दुसरीकडे वळवलीस. आईचा चेहरा न बघता मी जिना उतरले.

त्यानंतर तू भायखळ्याच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागलीस. तिथल्या एका ख्रिस्ती सिस्टरबरोबर चर्चमध्ये जायला लागलीस, हे मला बाहेरून कळलं. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मग एका रविवारी दुपारी तू लालबागला माझ्या दारात उभी. हातात सुकटीची पिशवी.

"नंदे, आत बोलवू नको. उभ्यानेच सांगते," तू म्हणालीस. "आईच्या वेळी मी गप्प बसले. आण्णांना घाबरून नाय. मला वाटलं, मी मध्ये पडले तर माझंपण घर जाईल. आणि तू परत फिरलीस तेव्हा मला हायसं वाटलं. ते पाप होतं गं. मी तुझी अपराधी आहे."

माफी मागायला आलेली माणसं स्वतःला सावरून घेणारी कारणं आणतात. तू कारण आणलंस ते स्वतःला उघडं पाडणारं. 'हायसं वाटलं' हे तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलंही नसतं.

"आता काय उपयोग त्याचा?" मी म्हटलं.

"उपयोग नाय ठाऊक. सांगायचं होतं." पिशवी उंबऱ्यावर ठेवून तू वळलीस. तेवढ्यात आतून संजयचा आवाज आला, "ताई, चहा टाकलाय. उभ्याने कसा पिणार?"

तू रडलीस ती त्याच्या त्या वाक्यावर. मी त्या दिवशी रडले नाही. पण तू बसलीस, आणि त्यानंतर दर रविवारी येत राहिलीस.

आल्यावर पहिल्या दोन-चार भेटींतच तू सरळ सांगून टाकलंस, "नंदे, मी तुला फसवणार नाय. मी नुसती बहीण म्हणून येत नाय. तू येशूकडे वळावंस म्हणूनपण येते. नको वाटलं तर सांग, तो विषय काढणार नाय." मी म्हटलं, नको. तू मान डोलावलीस आणि पुढच्या रविवारी पुन्हा विषय काढलास. मी आठवण करून दिली तर म्हणालीस, "हो गं, विसरलेच." तू काही विसरली नव्हतीस.

आपलं पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते 'पाप' या शब्दावरून. आठवतं?

"हा शब्द माझ्या घरात नको," मी म्हटलं होतं. "आपल्या पणज्यांना हेच सांगितलं होतं लोकांनी. मागच्या जन्मी पाप केलंत, म्हणून गावाबाहेर राहा. त्या शब्दानेच मारलं आपल्याला. आण्णांनी तो घरातून हाकलला, आणि तू तो परत घेऊन आलीस?"

"मागच्या जन्माचं कोण बोलतंय? मी ह्याच जन्मातलं बोलते. मी स्वतः केलेलं. मला ठाऊक असलेलं."

"मग चूक म्हण."

"चूक बेरजेत होते, बाई. आईच्या दारातून बहिणीला परत जाऊ दिलं, त्याला चूक म्हणू?"

शब्दांतला फरक तू मला समजावत होतीस. मी भाषा शिकवणारी बाई, आणि तू सातवीनंतर शाळा सोडलेली. पण तुझं बोलणं मला पटलं असंही नाही. आजही तो शब्द उच्चारताना माझ्या जिभेवर काटा येतो. फक्त तुझ्या तोंडून तो ऐकताना एक फरक जाणवायचा. आजवर तो शब्द ज्यांनी वापरला त्यांनी समोरच्याकडे बोट करून वापरला. तू आधी स्वतःकडे केलंस.

तू बाप्तिस्मा घेतलास त्या आठवड्यात घरात काय झालं ते मला तुझ्याकडून एकदा कळलं आणि नंतर आण्णांकडून एकदा. दोघांनी एकच सांगितलं, एक शब्दही इकडेतिकडे नाही. आण्णा खुर्चीत बसून म्हणाले होते, "आमच्या वाडवडलांनी धर्म सोडला, कारण तिथे त्यांना माणसासारखं वागवत नव्हते. तुला इथे कोणी माणसासारखं वागवलं नाही, सांग."

तू भाकऱ्या थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मला वागवलं, आण्णा. नंदाला नाय वागवलं तुम्ही."

आण्णा उठून उभे राहिले. आयुष्यात त्यांच्यासमोर असं कुणी बोललं नव्हतं. तू पुढे म्हणालीस, "येशूकडे या, असं मी तुम्हाला सांगणार आहे. रोज सांगणार. पण त्याच्या आधी एकदा लालबागला जाऊन या. पश्चात्ताप करा, आण्णा."

"मी? मी पश्चात्ताप करू?"

"हो. तुम्ही."

त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. त्या एवढ्याशा खोलीत दोन माणसं महिनोन्‌महिने न बोलता राहिली, हे चाळीत न राहिलेल्याला सांगून कळणार नाही. तू त्यांना चहा द्यायचीस, ते प्यायचे, कप खाली ठेवायचे. पॅसेजमध्ये कुजबुज होती, सुमनला किती पैसे मिळाले म्हणून. कुणी तोंडावर विचारलं की तू खूश व्हायचीस. "काय मिळालं ना? बस, सांगते." विचारणारीचा अर्धा तास जायचा. हळूहळू विचारणं बंद झालं.

त्या दिवसांत तू माझ्याकडे आण्णांची तक्रार कधी केली नाहीस. रुचा घरात नसली की मी खोदून विचारायचे, आण्णा काय म्हणतात? तू म्हणायचीस, "त्यांचं पोट बिघडलंय, ताक देते रोज."

रुचा दहावीत होती तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, मी आत कपडे वाळत घालत होते. बेल वाजली, रुचाने दार उघडलं आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "कोण पाहिजे?"

बाहेरून कुणीतरी माझं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट.

मी बाहेर आले. आण्णा दारात उभे होते. काठीवर दोन्ही हात, शर्टाची वरची गुंडी लावलेली, जसे विहारात भाषणाला उभे राहतात तसे. आणि जिन्याच्या वळणावर, दोन पायऱ्या खाली, तू. त्यांनी तुला पुढे येऊ दिलं नव्हतं. म्हणाले होते, मला एकट्याला बोलू दे.

आपली नात समोर उभी आहे आणि ती आपल्याला ओळखत नाही, हे त्यांना दारातच कळलं. त्याची तयारी ते करून आले नव्हते. बाकी सगळं पाठ करून आले होते, ते त्या क्षणी विसरले असावेत.  रुचाकडे बघतच ते म्हणाले, "मी हिचा आजोबा. हिच्या आईला मी घराबाहेर काढलं. तिच्या आईच्या मयतीलाही येऊ दिलं नाही. मी सभांमध्ये जे बोललो, ते माझ्या घरात मी वागलो नाही. माझा गुन्हा आहे." आणि संजय बाहेर आला तसे त्याच्याकडे वळून, जावयाला, हात जोडून म्हणाले, "तुमचासुद्धा मी गुन्हेगार आहे."

संजयने त्यांचे जोडलेले हात खाली केले. म्हणाला, "आण्णा, जिने चढून आलाय. आधी बसा."

चहा झाल्यावर तू कप विसळायला आत गेलीस, तेव्हा मी विचारलं, का आलात? माझा आवाज कडू होता. आण्णांनी जे सांगितलं ते तुला त्यांनी कधी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून इथे लिहिते. ते म्हणाले, "सुमन रोज सकाळी मोठ्याने प्रार्थना करते. एका खोलीत राहिल्यावर कान बंद करता येत नाहीत. मला वाटायचं, ही देवाला माझ्याविरुद्ध सांगत असेल. म्हणून ऐकायचो. ती माझं नावच घ्यायची नाही. स्वतःचंच सांगायची. काल बाळंतिणीवर उगाच खेकसले. काल आण्णांचा चहा मुद्दाम उशिरा दिला. काल बसमध्ये म्हातारीला जागा दिली नाही, झोपेचं सोंग घेतलं. रोज असलंच काहीतरी. आणि रोज म्हणायची, मला क्षमा कर, मला बदल. एवढ्याएवढ्याशा गोष्टी गं. मला पहिल्यांदा हसू यायचं. मग एकेक दिवस जड जायला लागला. हिला चहा उशिरा दिल्याचं एवढं लागतं, आणि मी?"



मी उठून गॅलरीत गेले. तू माझ्या मागे आलीस. तिथे तू मला जे म्हणालीस त्यावरून आपलं दुसरं भांडण झालं, आणि ते तुझ्या जाण्यापर्यंत मिटलं नाही.

"तू पण वळ, नंदे."

मी अशी भडकले होते! "मी? मला काढलं. मला दारातून परत पाठवलं. आणि पश्चात्ताप मी करायचा?"

"त्यांनी तुला काढलं, ते त्यांचं. त्याचं ते बोलले आत. पण त्यांनी ढकललं त्याच्या पुढेपण चालत गेलीस तू. रुचाला आजोबा मेला म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगायला हवं होतं?"

"मला नाय ठाऊक. मी फक्त एवढं म्हणते की तूपण लांब आहेस. आण्णांपासून नाय. त्याच्यापासून." आणि तू वर बोट केलंस. गॅलरीवर वरच्या मजल्यावरच्यांच्या चादरी वाळत होत्या. एरवी मला हसू आलं असतं.

ताई, हे मी आजही मानलेलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच वळायला सांगणं मला पटत नाही. त्याच्या जखमेवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. मी तुला हे कितीदा तरी सांगितलं, आणि तू दर वेळी म्हणालीस, "मला नीट बोलता येत नाय. तू एकदा त्याच्याशीच बोल." तुझं प्रत्येक भांडण तिथे येऊन थांबायचं. वाद हरायला आलीस की तू मला थेट देवाकडे पाठवायचीस. मी म्हणायचे, ही चीटिंग आहे. तू म्हणायचीस, "आहेच."

त्यानंतरची वर्षं मात्र, ताई, मला फुकट मिळाल्यासारखी मिळाली. आण्णा दर बुधवारी लालबागला येऊ लागले, रुचाचा इतिहासाचा अभ्यास घेऊ लागले, संजयशी लिफ्टच्या मोटरवर तासन्‌तास बोलू लागले. गिरणीतल्या यंत्रांवर हात चाललेला माणूस तो, त्याला ऐकणारा जावई मिळाला. विहारात त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की माझा जावई मातंग आहे आणि मी त्याच्याशी वाईट वागलो. काही जण उठून गेले. आण्णा बोलत राहिले.

पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. तुला ते लागायचं, हे मला दिसायचं. "आण्णा वळले गं," तू म्हणायचीस, "पण वळून तिथेच उभे आहेत. पुढे कोणाकडे जायचं ते बघतच नायत." आण्णांना तू हे तोंडावर सांगायचीस. ते म्हणायचे, "मला माझा बुद्ध पुरतो. त्याने मला माझ्या पायावर उभं केलं." तू म्हणायचीस, "मला नाय उभं राहता येत, आण्णा. मला धरणारा हवा."   

तुझी मला लाजही खूप वाटायची, तेही सांगते. रुचाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आपण तिघी टॅक्सीने निघालो होतो. करी रोडच्या पुलाजवळ ड्रायव्हर चुकला. तू म्हणालीस, "काका, पुढून यू-टर्न मारा." त्याने मारला. आणि मग तू सुरू झालीस. "काका, किती सोपं होतं बघा. चुकीच्या रस्त्याला आपण भांडत बसलो नाय. मारला यू-टर्न. आयुष्यातपण तसंच..." रुचाने ओढणीत तोंड लपवलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना ड्रायव्हर तुला म्हणाला, "मावशी, मी भावाशी बोलत नाही, गावच्या घरावरून. तुम्हाला कोणी सांगितलं?" तू म्हणालीस, "मला कोणी नाय सांगितलं, बाबा. सगळ्यांचंच काहीतरी असतं." मग त्याच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहून तू प्रार्थना केलीस. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आम्ही दोघी फुटपाथवर, तुझ्याशी आपला काही संबंध नाही अशा उभ्या.

आता त्या टॅक्सीवाल्याने भावाला फोन केला असेल का, हा विचार मला राहून राहून येतो.

एक गोष्ट तुला मी कधीच सांगितली नाही. रुचाला डेंग्यू झाला होता, आठवतं ना? परळच्या हॉस्पिटलात. प्लेटलेट्स खाली खाली चालल्या होत्या आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायला लागले होते. संजय रक्तासाठी धावत होता, तू ड्युटीवरून निघाली होतीस. मी वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभी होते. मला कुठलीही प्रार्थना येत नव्हती. मी म्हटलं, "सुमनच्या येशू, बघ ना रे." एवढंच. माझा म्हणून हाक मारायची हिंमत नव्हती, म्हणून तुझा म्हणून मारली. आणि माझ्या आत कुणीतरी खाली बसलं, आपोआप, जसं पाय दमल्यावर माणूस बसतं.

रुचा बरी झाली. डॉक्टरांनी केली, औषधांनी केली, हे मी स्वतःला बजावून सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ते दुसऱ्या रविवारी चर्चमधल्या अख्ख्या मंडळीला सांगितलं असतंस, नावागावासकट. आज वाटतं, सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य ऐकून तुझी कितीतरी वर्षांची पायपीट सुखाची झाली असती.

तुझ्या दफनाच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. तुझ्या चर्चच्या पाळकसाहेबांचं वाचन आणि प्रार्थना झाली. लोक फुलं टाकायला पुढे सरकणार, इतक्यात आण्णा काठी टेकत कबरीच्या कडेला गेले आणि त्यांनी हात जोडून हळू आवाजात बुद्धाचं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली.  तुझी मंडळी काय म्हणेल, कुणी अडवेल का, असं वाटलं. पाळकसाहेबांनी हाताने सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः मान खाली घालून उभे राहिले, आण्णांचं संपूर्ण होईपर्यंत. मग त्यांनी आण्णांच्या हातात पहिलं फूल दिलं. तू शिकवलेली माणसं अशी निघाली, की तू ज्यांच्याकडून शिकलीस ती माणसंच अशी होती, हे मला विचारायचं राहिलं.

आणि परवाचा रविवार. आण्णा सकाळी फोनवर म्हणाले, "सुमन कुठे बसायची ते मला बघायचंय." म्हणून मी त्यांना भायखळ्याला तुझ्या चर्चमध्ये घेऊन गेले. तुझी जागा मागच्या खांबाशेजारची, पंखा नीट न लागणारी. हमालदादा पुढे गायकांत उभे होते. त्यांचा आवाज खरंच बरा नाही.

उपासना मध्यावर आली तेव्हा पाळकसाहेब वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, सगळ्यांसारखेच गुडघ्यांवर आले. मग सगळ्यांनी मिळून एका सुरात आपल्या पापांची कबुली दिली. झाडणारी बाई, टाय लावलेले गृहस्थ, तुझ्या त्या प्रसूतिगृहातल्या सिस्टर, पाळकसाहेब. आण्णा माझ्या कानाशी वाकले. "सगळे 'आम्ही' म्हणतायत."

"हो."

"पाळकसुद्धा?"

"तेसुद्धा."

आण्णा गुडघ्यांवर आले नाहीत. त्यांच्याने होतही नाही. पण त्यांनी काठी बाकावर आडवी ठेवली, पाय जवळ घेतले आणि लोकांचं म्हणून होईपर्यंत मान वर केली नाही. माझ्या ओठांवर 'आम्ही' आला. पुढचं आलं नाही.

बाहेर पडताना दारात पाळकसाहेबांनी तुमच्या मंडळीत करतात तसा सलाम केला आणि विचारलं, "आण्णा, पुढच्या रविवारी याल?"

आण्णांचं उत्तर हो असतं किंवा नाही असतं, हे तुला मी काय सांगू. ते वळून तुझ्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "बघू."

"मी घेऊन येते त्यांना," मी म्हटलं.

मला तर कुणी विचारलंही नव्हतं.